एकशे एकोणतीस पाहुणे

आमच्या घराच्या मागच्या दाराशी तांबड्या जास्वंदीचं झाड आहे. सासूबाईंनी लावलेलं. देवातल्या गणपतीला रोज घरचं एक फूल वाहायचं, हा त्यांचा नेम. त्या गेल्या आणि नेम माझ्याकडे आला. मी काही बागकामातली जाणकार नव्हे. सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. झाड फुलत होतं, मी फूल तोडत होते, एवढाच आमचा संबंध.

एका उन्हाळ्यात त्या झाडाच्या शेंड्यांवर पांढरं काहीतरी दिसायला लागलं. कुणी कापसाचे बोळे चिकटवून ठेवावेत तसं. कळ्या वाकड्या होऊन गळू लागल्या. खालची पानं चिकट झाली, त्यांच्यावर काळी बुरशी धरली आणि खोडावरून मुंग्यांची रांग सुरू झाली. हाच तो पिठ्या ढेकूण. फुलझाडांवर येतो, पेरू-पपई-सीताफळावर येतो, वांगी-भेंडीवरही येतो. सासूबाई असत्या तर त्यांनी साबणाचं पाणी शिंपडलं असतं, चुलीतली राख टाकली असती. मी दुकानात गेले. दुकानदारानं दिलेली बाटली आणली आणि फवारा मारला.

पंधरा दिवस झाड स्वच्छ राहिलं. तिसऱ्या आठवड्यात पांढरं पीठ पुन्हा आलं, आणि या वेळी त्यात वेगळेच किडे दिसले. आकारानं मोठे, अंगाला पांढऱ्या लांब झालरी, आणि चालणं चांगलं तुरुतुरु. मला वाटलं, औषधाला न जुमानणारी ही किडीची थोरली पिढी असावी. मी औषधाचं प्रमाण थोडं वाढवलंच. दुसऱ्या दिवशी ते मोठे किडे मरून खाली पडलेले होते. पिठ्या ढेकूण मात्र आपल्या मेणचट आवरणाखाली बराचसा शाबूत होता.

शेजारीच माझ्या धाकट्या दिरांची द्राक्षबाग आहे. ते आले, त्यांनी खाली पडलेला एक किडा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "वहिनी, चोर समजून तुम्ही राखणदार मारलेत."

त्या झालरवाल्या अळ्या पिठ्या ढेकणाच्या नव्हत्याच. त्या एका ढालकिड्याच्या होत्या. क्रिप्टोलीमस त्याचं नाव. मोठा झाला की जेमतेम मसुराएवढा, काळसर, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. अळी असताना तो हुबेहूब पिठ्या ढेकणासारखा दिसतो आणि त्या कळपात शिरून त्यालाच खातो. दिरांनी हे किडे पैसे देऊन आणून बागेत सोडले होते, त्यातलेच काही कुंपण ओलांडून माझ्या जास्वंदीवर आले होते. न बोलावता मदतीला आले आणि मी त्यांना मारलं.

मनाला लागलं ते. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. तो विचारतो, हा आला कुठून? आणि हा प्रश्न मला नाशिकहून थेट कॅलिफोर्नियाला घेऊन गेला.

साधारण १८६८ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या बाभळीच्या जातीच्या झाडांबरोबर एक खवले कीड येऊन पोहोचली. आयसेरिया तिचं नाव. आपल्या पिठ्या ढेकणाची जणू चुलत बहीण. मादीच्या पाठीमागे अंड्यांची पांढरी, कापसासारखी, उभ्या रेघांची पिशवी असते. वीसेक वर्षांत ती दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संत्र्याच्या बागांत पसरली. झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसू लागली. बागाईतदारांनी साबण, राळ, रॉकेल, सगळं करून पाहिलं. १८८६ मध्ये डी. डब्ल्यू. कॉकिलेट या कीटकशास्त्रज्ञानं झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक हा जहाल विषारी वायू सोडण्याचे प्रयोग सुरू केले. तरी कीड हटेना. लोक कर्ज काढून लावलेली झाडं उपटून जाळू लागले.

अमेरिकेच्या कृषी खात्यात तेव्हा चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हे मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी विचार केला तो अगदी साधा. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. तिथे ती बागा का उद्ध्वस्त करत नाही? तिचा काळ तिथे असला पाहिजे. कीड समुद्र ओलांडून आली, तिचा वैरी मागेच राहिला. तर मग त्यालाही आणावं!

अडचण कायद्याची होती. खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी परदेश प्रवास करू नये, असं बंधन खर्चाच्या मंजुरीतच घालून ठेवलेलं होतं. पण १८८८ मध्ये मेलबर्नला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं आणि अमेरिकेचं पथक तिथे जाणार होतं. त्या पथकाच्या खर्चातून दोन हजार डॉलर बाजूला काढले गेले आणि अल्बर्ट कोबेली हा जर्मनीत जन्मलेला तरुण सहायक पथकातला माणूस म्हणून २५ ऑगस्ट १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसला. सरकारी नियमातून वाट कशी काढायची, हे काही फक्त आपल्यालाच जमतं असं नाही!

ऑक्टोबर महिन्यात ॲडलेडच्या एका बागेत कोबेलीला हवं ते सापडलं. लाल-काळा, इवलासा ढालकिडा, आयसेरियाला खाणारा. त्याचं नाव व्हिडेलिया. कोबेलीनं ते किडे गोळा केले आणि बोटीवरच्या बर्फाच्या खोलीत ठेवून पाठवले. गारव्यात जीव सुस्तावतो, प्रवास सोसतो. लॉस एंजेलिसला कॉकिलेट वाट पाहत होता. तीन खेपांत किडे पोहोचले. पहिल्या खेपेत २८, दुसरीत ४४, तिसरीत ५७. एकूण १२९. साऱ्या कॅलिफोर्नियाच्या संत्र्याची आशा या मूठभर जिवांवर होती.

आणि इथली एक गोष्ट मला फार आवडते. पाहुण्यांसाठी कॉकिलेटनं वुल्फस्किल यांच्या बागेतल्या संत्र्याच्या एका किडक्या झाडावर तंबूच टाकला. दोनेक वर्षांपूर्वी त्यानं तंबू टाकला होता तो विष कोंडण्यासाठी, आता टाकला तो जीव जपण्यासाठी. एप्रिल १८८९ मध्ये तंबूची एक बाजू उघडली. आतलं झाड तोवर जवळजवळ निर्मळ झालं होतं आणि किडे शेजारच्या झाडांवर चालले होते. जूनपर्यंत त्या एकशे एकोणतीस पाहुण्यांच्या वंशातले १०,५५५ किडे २०८ बागाईतदारांना वाटले गेले. लोक डब्या घेऊन येत आणि किडे घेऊन जात. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री रेल्वेच्या ७०० वाघिणींवरून २,००० वाघिणींवर गेली. बागाईतदारांनी कोबेलीला सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्याच्या पत्नीला हिऱ्याच्या कुड्या.

पुढे १८९१ मध्ये कोबेली पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला. त्या दुसऱ्या फेरीत त्यानं आणखी एक ढालकिडा आणला, पिठ्या ढेकूण खाणारा. तोच हा क्रिप्टोलीमस, माझ्या जास्वंदीवरचा! आपल्या देशात तो १८९८ मध्येच आणला गेला, दक्षिणेतल्या कॉफीवरच्या खवले किडीसाठी. त्या कामात त्याला फारसं यश आलं नाही. पण पुढे फळबागांतल्या पिठ्या ढेकणावर तो उपयोगी ठरला. आता प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवतात आणि त्याच्यावर हे किडे पोसतात. आपण ज्याचं घारगं करतो, तो भोपळा असाही कामाला येतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती परीकथा झाली असती. पण पुढचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी बाजारात आलं. त्याचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. मलेरियाच्या डासांवर या द्रव्यानं मोठं काम केलं, हे नाकारता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनीही इतर किडींसाठी ते फवारलं. व्हिडेलिया मेला, आणि जवळपास साठ वर्षं जिचं नावही कुणी काढलं नव्हतं ती पांढरी आयसेरिया पुन्हा झाडांवर आली. बागाईतदार पुन्हा ढालकिडे शोधत फिरू लागले. आजोबांनी सोन्याच्या घड्याळानं ज्याचा सन्मान केला, त्याला नातवांनी नकळत मारलं.

हे वाचताना मला माझा पंप आठवला. मीही तेच केलं होतं. फवारा चोर आणि राखणदार असा भेद करत नाही. त्यात चोर असतो मेणाच्या पांघरुणाखाली आणि राखणदार फिरत असतो उघड्यावर. मग आधी मरणार कोण? चोरांची संख्या झपाट्यानं वाढते, राखणदार हळूहळू परततो. मधल्या काळात रान मोकळं.

म्हणजे औषध कधीच मारू नये का? तसं मी म्हणणार नाही. ज्याचं वर्षभराचं पोट बागेवर आहे, त्याला घरच्या चार झाडांच्या अनुभवावरून मी काय शिकवणार? शिवाय बाहेरून जीव आणणं हाही पोरखेळ नव्हे. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरच्या भुंग्यांसाठी एक मोठा विषारी बेडूक आणून सोडला. त्यानं भुंगे आटोक्यात आणले नाहीत, स्वतःच मात्र देशभर पसरत गेला. म्हणून कोणता जीव फक्त आपली कीडच खाईल, याची कसून तपासणी करावी लागते.

अशी तपासणी करून केलेल्या कामाचं अलीकडचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर मूळचा मेक्सिकोकडचा एक पिठ्या ढेकूण दिसला. तो पपई, तुती, जास्वंद अशा अनेक झाडांवर पसरत महाराष्ट्रातही आला. फवारण्यांनी फारसा आटोक्यात येईना. मग २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस नावाची, गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातली, टाचणीच्या डोक्याएवढी माशी आणली. ती ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. तपासणी करून ती सोडली आणि पपईच्या बागा सावरल्या. रायलींचा तोच जुना प्रश्न, सव्वाशे वर्षांनी पुन्हा विचारलेला: याचं माहेर कुठलं आणि तिथे याला कोण खातं?

आता माझ्या जास्वंदीचं काय झालं, ते सांगते. मी पंप माळ्यावर टाकला. किडके शेंडे कापून पिशवीत बांधले. नळीनं पाण्याचा जोराचा फवारा मारून झाड धुतलं. उरलेल्या किडीवर सासूबाईंचंच साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी आणि फक्त कीड होती तिथे. बुंध्याशी चिकट पट्टी लावून मुंग्यांची वाट अडवली, कारण ढेकणाचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. आणि थांबले. हे थांबणं सगळ्यात अवघड. महिनाभर देवाला विकतचं फूल वाहिलं.

एके दिवशी सकाळी भिंग घेऊन गेले, तर एका शेंड्यावर पांढरं काहीतरी होतं. हात नेहमीप्रमाणे पुढे गेला आणि मागे आला. मी नीट पाहिलं. अंगाला लांब झालरी होत्या, चाल तुरुतुरु होती. पाहुणा परत आला होता.

त्या दिवशी मी त्या फांदीवरचं फूल तोडलं नाही. गणपतीला दुसऱ्या फांदीवरचं वाहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)