छाट ते रिजेक्शन : आपल्या इंग्रजी शब्दसंपदेचा इतिहास

गोंदियात इंग्रजी शिकवताना एक दृश्य मला दरवर्षी दिसते. स्पर्धा परीक्षेला बसणारी आमची मुले कठीण इंग्रजी शब्दांच्या लांबच लांब याद्या घोकत असतात. ही मुले तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरीकडची. घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलणारी. परीक्षा संपते आणि शब्दही विसरले जातात. मीही असेच घोकले आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. घरात शब्दकोश नव्हता. म्हणून या घोकंपट्टीला मी हसत नाही. परंतु मोठी शब्दसंपदा म्हणजे पांढरपेशांच्या बैठकीत मिरवायचा दागिना, हा तिच्यामागचा समज मला मान्य नाही. आपला इतिहास निराळे सांगतो.

१९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १९९९ मध्ये. त्या निवडणुकीच्या गोष्टी इथल्या वस्त्यांतून अजून निघतात. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा अभिमानही सर्वांना आहे. पण ते इंग्रजी कसे घडले, हे आपण फारसे विचारत नाही.

ते घडू लागले घरात. सुभेदार रामजी सकपाळांनी लहानग्या भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या पाठमालेवरून भाषांतर करून घेतले. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता आणि तो कोठे वापरायचा, ही सवय त्यांनी मुलाला लावली. शाळेत संस्कृतचे दार बंद होते, म्हणून पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या मुलाचे पाठांतर तेथेच थांबले नाही. दोन भाषांमध्ये सतत ये-जा करून त्याने शब्द पारखायला शिकले.

या पारखीचे मोल पुढे कळले. सरकारदरबारी आपले नाव होते ‘डिप्रेस्ड क्लासेस’. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह जे पुरवणी निवेदन दिले, त्यात हे नाव बदलण्याची मागणी होती. ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय त्यांनी सुचवले. हे शब्द इंग्लंडच्या धर्मसंघर्षातले आहेत. प्रस्थापित चर्चची सत्ता नाकारणाऱ्यांची ती नावे. दबलेला माणूस दयेची वाट पाहतो. निषेध करणारा माणूस हक्काचा पक्षकार असतो. लंडनच्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच इतिहासातील शब्दाने हे समजावून देण्यात केवढी मर्मदृष्टी होती !

१९३६ चे उदाहरण आणखी बोलके आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला भाषणाचा मसुदा पेलला नाही. परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. शीर्षकात शब्द घातला ‘ॲनायहिलेशन’. त्याच्या पोटात लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे ‘काहीही नाही’. जात सुधारायची नाही, सैल करायची नाही, ती नाहीशी करायची. त्याच भाषणात त्यांनी ‘सोशल रिफॉर्म’चे दोन अर्थ वेगळे केले : हिंदू कुटुंबाची सुधारणा आणि हिंदू समाजाची पुनर्रचना. सुधारकांनी पहिली हाती घेतली आणि दुसरी टाळली. एकाच शब्दाच्या आडोशाला हा लबाडपणा लपला होता.

३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘बॅकवर्ड’ या एका शब्दावर वाद झाला. आज अनुच्छेद १६ च्या चौथ्या खंडात असलेला हा शब्द संदिग्ध आहे, असा काहींचा आक्षेप होता. असा मर्यादा घालणारा शब्द नसेल तर अपवाद नियमालाच गिळून टाकील, असे बाबासाहेबांनी बजावले. आज आरक्षणाचा प्रत्येक खटला त्या शब्दाभोवती फिरतो.

हे सारे दूरचे वाटेल, म्हणून घरचे सांगतो. माझी आई विड्या वळायची. ठेकेदाराचा माणूस मूठभर विड्या बाजूला टाकी आणि त्यांची मजुरी बुडे. “आज छाट लयच गेली, बाबू,” एवढेच ती म्हणे. छाट म्हणजे तिच्या लेखी नशीब. एम. ए. झाल्यावर मी १९६६ चा विडी कामगार कायदा प्रथमच वाचला. कलम ३९ मध्ये शब्द होता ‘रिजेक्शन’, आणि त्याआधी ‘डिस्प्यूट’. मालकाने नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी हा वादाचा विषय आहे. तो कोणी आणि कसा मिटवायचा हे राज्य सरकारने नियमांनी ठरवायचे, अशी ती तरतूद होती. ‘डिस्प्यूट’चा अर्थ मी शाळेत ‘भांडण’ असा घोकला होता. मालकाचा शब्द शेवटचा नव्हे, हा त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तोवर आईची बोटे थकली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदाही गेला. त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२० ची संहिता आली आहे. तिच्यातला ‘शॅल’ कोठे आहे आणि ‘मे’ कोठे, हे आमच्या मजुरांना कोण वाचून सांगणार ?

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आता यादी देत नाही. कायद्याचे एक पान देतो. त्याचे भाषांतर आईला समजेल अशा बोलीत करा, मग पुन्हा इंग्रजीत न्या, असे सांगतो. वाटेत जो शब्द अडेल त्याचे सख्खे-चुलत शब्द शेजारी मांडा आणि फरक सांगा. ही रीत रामजीबाबांच्या घरातली आहे. तिने शब्द सावकाश वाढतात, पण वाढलेला शब्द विसरला जात नाही. आणि ज्या दिवशी एखादी पोरगी ते पान घेऊन विडीच्या ठेक्यावर उभी राहील, त्या दिवशी छाटीला कोणी नशीब म्हणणार नाही.