मध आणि मेण यांची फारकत

डिसेंबर 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकेपर्यंत किल्ल्यात व भोवतालच्या गावांत चर्चे उभी राहत गेली. रोमन उपासनाविधीत वेदीवरील मेणबत्तीसाठी मधमाश्यांचे मेण विहित असल्याने तेथे मेणाला मधाहून वेगळे, स्वतंत्र मोल होते.

पोळे कापून पिळण्याच्या जुन्या रीतीत मात्र दोन्ही पदार्थांची हानी होई, कारण मधात अळ्यांचा रस व पराग मिसळत आणि माश्यांची वसाहतच उद्ध्वस्त होई. हा प्रश्न मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ याच्या 1851 मधील सुट्या चौकटींच्या पेटीने आणि मधमाशीपालक ह्रुश्का याच्या 1865 मधील मधयंत्राने सोडवला. हे यंत्र चौकट गरगर फिरवून केंद्रोत्सारी बलाने मध बाहेर फेकते व पोळे शाबूत ठेवते. पक्व मधाच्या कोठड्यांवर माश्या घालतात ती मेणाची झाकणे त्यापूर्वी गरम सुरीने कापावी लागतात आणि त्यांना बराच मध चिकटून राहतो. तो आधी जाळीवर, उष्णता न देता निथळू देणेच श्रेयस्कर, कारण मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते आणि तेवढ्या उष्णतेने मधाचा सुगंध उडतो. उरलेली झाकणे धुऊन पाण्यात तापवली की हलके मेण वर तरंगते आणि थंड झाल्यावर त्याची वडी निघते.

महाराष्ट्रात मधमाशीपालनाच्या शास्त्राला पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने 1962 पासून आधार दिला; 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.