टॉम ब्राउनचा बूट

१८५७ साल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मीरत, कानपूर आणि झाशी उभी राहतात. त्याच वर्षी, मीरतेचा भडका उडण्याच्या थोडेसे आधी, एप्रिलात इंग्लंडात एक कादंबरी निघाली. वर लेखकाचे नाव नव्हते. ‘एक जुना विद्यार्थी’ एवढेच. हा जुना विद्यार्थी म्हणजे टॉमस ह्यूज, धंद्याने वकील. आपला आठ वर्षांचा मुलगा आता शाळेत जाणार, त्याला काय सांगून पाठवावे, या काळजीतून ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली गेली.

ह्यूज स्वतः १८३४ ते १८४२ रग्बीच्या निवासी शाळेत होता. मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड. धाकट्यांनी थोरल्यांची चाकरी करावी, हा तिथला जुना रिवाज. अर्नोल्डने तो मोडला नाही. वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती सत्ता ठेवली आणि जबाबदारीही टाकली. पण ती मुले लेचीपेची निघाली की राज्य फ्लॅशमनसारख्या दांडगटांचे! तो टॉमला धगधगत्या शेगडीपुढे धरून भाजतो, ते पान आजही अंगावर काटा आणते.

मला मात्र दुसराच प्रसंग सोडत नाही. आर्थर नावाचा एक नाजूक पोरगा पहिल्याच रात्री सगळ्यांदेखत गुडघे टेकून प्रार्थना करतो. कुणीतरी सपाता फेकून मारतो. टॉम पायातून नुकताच काढलेला बूट उचलतो आणि त्या फेकणाऱ्यावर भिरकावतो.

माझ्या वसतिगृहातही असा एक मुलगा होता. दिवा मालवण्यापूर्वी तो पुटपुटत रामरक्षा म्हणे. एके रात्री त्याच्यावरही सपाता आली. ती मी फेकली नव्हती. मी नुसता हसलो होतो. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला, तो परतलाच नाही.

आर्थरला टॉमच्या खोलीत घालण्याची युक्ती खुद्द अर्नोल्डची होती, हे टॉमला अगदी शेवटी, शाळेच्या अखेरच्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी कळते. मास्तर म्हणून मला या युक्तीचा हेवा वाटतो. इतिहासातल्या अर्नोल्डला खेळांचे फारसे अप्रूप नव्हते. पण कादंबरीतले फुटबॉल नि क्रिकेट लोकांच्या इतके मनात भरले की, तेही त्याच्याच खात्यावर जमा झाले. फ्रान्सच्या कुबेर्तँने हे पुस्तक वाचले, १८८६ मध्ये रग्बी पाहिले, आणि १८९६ मध्ये त्याच्याच खटपटीने अथेन्सला ऑलिंपिक सामने भरले. खरा अर्नोल्ड १८४२ मध्येच वारला होता.

मागे आठवीच्या वर्गाला मी तो बुटाचा प्रसंग सांगितला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “गुरुजी, सपाता मारणाऱ्याला पुढे काय शिक्षा झाली?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“आणि बाकीची मुलं? ती काय करत होती?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मी पुस्तक मिटले.