यूएसबीवरून गेम कॉपी व्हायला तासभर का लागतो? गेमिंग लॅपटॉपवर असा शोधा दोष

शिरूर अनंतपाळसारख्या गावात १०० जीबीचा गेम मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर उतरवायचा म्हटलं तर दोन महिने जातील. म्हणून आमच्याकडे लातूरला शिकणाऱ्या मित्राची हार्ड डिस्क येते. गेम दोघांनीही स्टीमवर विकत घेतलेला असेल, तर त्याच्याकडचं फोल्डर आपल्या लॅपटॉपवर टाकता येतं. स्टीम ते ओळखतं आणि राहिलेल्या फाईलीच फक्त डाउनलोड करतं. पण डिस्क लावली, कॉपी सुरू केली आणि स्क्रीनवर ‘५० मिनिटं बाकी’ दिसलं की वाटतं, एवढा महाग लॅपटॉप घेतला कशाला?

पोर्ट खराब झालाय असं समजून लॅपटॉप दुरुस्तीला टाकू नका. आधी कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा आणि एमबी प्रति सेकंदाचा आकडा पाहा. मी कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की पहिल्यांदा तेच बघतो, कारण दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा हा आकडाच सांगतो.

आकडा ३० ते ४० वर अडकलाय? मग मध्ये कुठेतरी यूएसबी २.० आहे. हे तंत्र २००० सालचं. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३०-४० च मिळतात. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट आहे. ३५ च्या वेगाने १०० जीबीला ४८ मिनिटं लागतात, तर १२० च्या वेगाने १४.

तेव्हा आधी पोर्ट बदलून बघा. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये एक पोर्ट माऊससाठी म्हणून २.० चाच दिलेला असतो. ३.० चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो, पण रंगावर फार विसंबू नका, कंपन्या आपापले रंग देतात. पोर्टशेजारी ‘एसएस’ अशी खूण असेल तर ती जास्त भरवशाची. मग वायर तपासा. यूएसबी ३.० ला २.० पेक्षा पाच पिना जास्त लागतात आणि स्वस्त वायरीत त्या नसतातच. आणखी एक गंमत: चौकोनी प्लग हळूहळू आत सरकवला तर जुन्या पिना आधी टेकतात आणि डिस्क २.० म्हणूनच जोडली जाते. काढा आणि झटकन, सरळ पुन्हा लावा. एवढ्यावरही काही वेळा काम होतं.

फोनचं दुखणं वेगळं. टाइप-सी हा फक्त प्लगचा आकार आहे, त्यावरून वेग कळत नाही. बऱ्याच स्वस्त फोनांत तो पोर्ट आतून २.० च असतो. इतकंच काय, २०२३ चा साधा आयफोन १५ सुद्धा तसाच. तिथे कितीही भारी वायर आणली तरी पैसे वाया.

आकडा १०० ते १३० च्या आसपास असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फिरत्या चकतीची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण तेवढीच धावते. यापुढे जायचं तर एसएसडी घ्यावी लागेल.

सुरुवातीला २०० आणि मग धापकन १५? ते पेनड्राइव्हचं काम. आतली थोडी वेगवान जागा भरली की खरा वेग उघडा पडतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे.

आकडा सारखा वर-खाली नाचत असेल तर फोल्डरमध्ये हजारो बारीक फाईली आहेत. प्रत्येक फाईलची वेगळी नोंद होते, शिवाय अँटीव्हायरस ती तपासतो. सगळ्यांची मिळून एकच झिप फाईल करा. मात्र पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल ती घेणार नाही, आधी ‘एक्सफॅट’ करून घ्या. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’मध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडा, असा सल्ला खूप जण देतात. त्याने थोडा फरक पडतो, पण मग दरवेळी ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढावी लागते. मी तो पर्याय बंदच ठेवतो. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण अडॅप्टरवर चालणारी मोठी हार्ड डिस्क लाईटबरोबर बंद पडते आणि अर्धवट लिहिलेली फाईल गेलीच म्हणा.

गेम गेला तर पुन्हा आणता येईल. बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ फोनमधून काढताना मात्र ‘कट’ कधीच करू नका. ‘कॉपी’ करा, लॅपटॉपवर दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, दोन्हीकडचा एकूण आकार जुळवा, आणि मगच फोनमधले डिलीट करा.