मातीचा मावळा कसा पारखावा?

धायरीकरांना सिंहगड घरचाच. दिवाळीत तो अंगणाअंगणांत मातीने उभा राहतो. त्यावरचे मावळे घेताना आपण रंगाची चकाकी पाहतो. पारखावयाचा असतो तो काळ. मावळा बुरुजाहून उंच नसावा. त्याच्या हाती ढाल-तलवार शोभते, तोड्याची बंदूकही चालेल. रायफल मात्र नको. साच्याचा सांधा दिसला तर बिघडत नाही, इतिहासाचा सांधा निखळता कामा नये. कोंढाणा घेताना तानाजी पडले ते ४ फेब्रुवारी १६७० रोजी. महाराजांचा राज्याभिषेक झाला १६७४ साली, रायगडावर. मग कोंढाण्याच्या लढाईत सिंहासन कोठून येणार? मुले डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाहीत. म्हणून सिंहासनारूढ मूर्ती रायगडावर बसवावी. सिंहगडावर तानाजीच हवेत.