गिनीपिग, थायरॉइड आणि ड्यूनेडिनची प्रयोगशाळा

१/ पाळीव गिनीपिग पोटभर खातो, तरी वाळत जातो. त्याची चुळबुळ वाढते, केस विरळ होतात, गळ्याशी गाठ बोटाला लागते. पशुवैद्य रक्तातील थायरॉक्सिन मोजतात आणि ते वाढलेले असल्यास मिथिमाझोल देतात. या औषधाच्या इतिहासाची एक वाट न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन या शहरातून जाते. तिथे गिनीपिग भेटतो तो मात्र रोगी म्हणून नव्हे, मोजमापाचे साधन म्हणून.

२/ न्यूझीलंडच्या मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड तेथे घरोघरी परिचित होता. ओटागो विद्यापीठातील चार्ल्स हर्कस यांनी माती आणि गलगंड यांचा संबंध तपासला. १९२४ मध्ये आयोडीनयुक्त मीठ आले. थायरॉइडचे संशोधन हा या विद्यापीठाच्या दृष्टीने घरचाच प्रश्न होता.

३/ १९४१ मध्ये तेथील केनेडी आणि पर्व्हस यांनी उंदरांना मोहरीच्या कुळातील बियांचा आहार दिला. ग्रंथी फुगल्या. बियांतील द्रव्य संप्रेरकाची निर्मितीच रोखत होते. अशा द्रव्यांच्या शोधात अन्य प्रयोगशाळाही होत्या. १९४३ मध्ये बॉस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी थायोयुरासिल रुग्णांना दिले, आणि १९४९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून मिथिमाझोल पुढे आले. आपल्याकडे अनेकांच्या घरी असणारे कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मिथिमाझोलच होते.

४/ औषध मिळाले, पण रोगाचे कारण कळले नव्हते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये वर्णिलेल्या विकारात थायरॉइड बेफाम का होते? प्रचलित मत असे, की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, अतिरिक्त प्रमाणात सोडते. मत तर्कशुद्ध होते. पण रक्तातील टीएसएच मोजणार कसे?

५/ डंकन ॲडम्स आणि तेच पर्व्हस यांनी त्यासाठी गिनीपिग निवडला. आधी त्याच्या थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू द्यायचे. मग थायरॉक्सिन देऊन त्याचे स्वतःचे टीएसएच दाबायचे. नंतर तपासायचे द्रव्य टोचून रक्तातील किरणोत्सार किती वाढतो ते पाहायचे. ग्रंथी चेतली, की ती साठवलेले आयोडीन संप्रेरकाच्या रूपाने सोडते. सजीव तराजूच म्हणा ना!

६/ टीएसएच टोचल्यावर परिणाम सुमारे तीन तासांत शिगेला पोहोचे. ग्रेव्ह्जच्या काही रुग्णांचे रक्तद्रव टोचले, तेव्हा तसे घडले नाही. किरणोत्सार सावकाश चढत गेला आणि सोळा तासांनंतरही वरच राहिला. प्रयोग बिघडला असे समजून ही निरीक्षणे टाकून देणे सोपे होते. त्या दोघांनी ती १९५६ मध्ये आपल्याच वैद्यकीय विद्यालयाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. जगाचे लक्ष जावे असे ते नियतकालिक नव्हते. या लेखकाला त्यांचे मोठेपण इथेच दिसते: वेळेचा फरक हीच त्यांनी बातमी मानली. रक्तात टीएसएचहून वेगळे काहीतरी होते.

७/ त्याला 'दीर्घकाळ क्रिया करणारा थायरॉइड-उत्तेजक' असे लांबलचक नाव मिळाले. १९६४ पर्यंत उलगडा झाला, की तो गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंड आहे. आपल्या रक्षणासाठी असलेली यंत्रणाच ग्रंथीला चाबूक मारत होती. पियुषिका निर्दोष ठरली. पुढे असेही दिसले, की काही रुग्णांचे प्रतिपिंड केवळ मानवी ग्रंथीलाच ओळखतात. प्राण्यांच्या तराजूला तेवढी मर्यादा होती.

८/ गिनीपिगाच्या स्वतःच्या आजाराकडे लक्ष गेले ते फार उशिरा. निरोगी पाळीव गिनीपिगांच्या थायरॉक्सिनची मापे २००९ मध्ये, तर चार आजारी गिनीपिगांचे निदान व उपचार २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यातील विकार ग्रेव्ह्जचा नव्हे. मुळाशी बहुधा ग्रंथीतील गाठ असते. म्हणून औषध संप्रेरक आवरते, गाठ मात्र तशीच राहते, आणि गोळी बंद केली की लक्षणे परततात. शस्त्रक्रियेत शेजारच्या उपअवटू ग्रंथींना इजा होऊन कॅल्शियम घसरण्याची भीती असते. तिसरा मार्ग किरणोत्सारी आयोडीनचा: ड्यूनेडिनला जे खूण म्हणून टोचले जाई, तेच इथे मोठ्या मात्रेत गाठ जाळण्यासाठी देतात. त्यासाठी प्राण्याला काही दिवस वेगळे ठेवावे लागते आणि ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.