तळटीप १२ : शेंगदाणा तेलावरचे इंजिन
१२. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्सच्या ऑटो कंपनीने चालवून दाखवलेले छोटे डिझेल इंजिन. ते खनिज तेलासाठी बांधलेले. तरी काहीही फेरफार न करता शेंगदाणा तेलावर सुरळीत चालले. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, म्हणून फ्रेंच सरकारला या प्रयोगात रस होता. ही हकिगत या इंजिनाचे जनक रूडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) यांनीच १९१२ मध्ये सांगितली.

मोटारीत मात्र अशा वनस्पती तेलाचा दाटपणा आड येतो. म्हणून दोन टाक्या बसवतात : गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल तापून पातळ झाले की त्याकडे वळायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचे; नाहीतर गार, दाट तेल नळ्यांत आणि इंजेक्टरांत साचून राहते.

बायोडिझेल वेगळे. त्यात मेथॅनॉलची प्रक्रिया करून तेलातले ग्लिसरीन काढलेले असते.